स्वीडनचं १८०९ साल: राजाला थांबवायचं कसं?

१३ मार्च १८०९ च्या सकाळी जनरल कार्ल योहान आडलरक्रॉइट्स काही अधिकाऱ्यांना घेऊन स्टॉकहोमच्या राजवाड्यात राजा चौथा गुस्ताव्ह अडॉल्फ याच्या दालनात शिरला. महाराजांनी राजधानी सोडून जाऊ नये, एवढंच त्याचं म्हणणं होतं. राजाने फितुरी म्हणून ओरडत तलवार उपसली. झटापटीत ती काढून घेतली गेली. थोड्या वेळाने पहारा सैल पडलेला पाहून राजाने दुसऱ्याच एका अधिकाऱ्याची तलवार हिसकावली, बाजूच्या दारातून निसटला, गोल जिना उतरून चौकात पोचला. तिथे फॉन ग्राइफ नावाच्या दरबारी अधिकाऱ्याने त्याला धरलं आणि अक्षरशः उचलून परत वर आणलं. इकडे राजाचे अंगरक्षक दार फोडायला आले होते. आडलरक्रॉइट्सने मुख्य सेनासहायकाचा अधिकारदंड हातात घेतला आणि त्या जोरावर त्यांना शांत केलं. दिवस संपायच्या आत राजाचा काका, ड्यूक कार्ल, राज्याचा कारभारी झाला होता.

ही गोष्ट साहसकथेसारखी सांगितली की १८०९ मधली खरी गोम हातातून सुटते. राजाचं चुकतंय हे सरदारांना, सेनापतींना, सावकारांना वर्षभर दिसत होतं. तरी त्याला थांबवायला तलवारीशिवाय दुसरं काही का उरलं नव्हतं? आणि पुढच्या वेळी तलवार लागू नये म्हणून जूनमध्ये त्यांनी काय लिहून ठेवलं? वर्षभरातल्या बाकीच्या घडामोडी या दोन प्रश्नांना जोडून पाहिल्या की नीट लागतात.

वाचायला लागण्याआधी

या वर्षाबद्दल वाचताना तीन ठिकाणी हमखास घोटाळा होतो.

पहिला तारखांचा. स्वीडनने १७५३ मध्ये ग्रेगरियन दिनदर्शिका स्वीकारली होती, रशिया मात्र जुन्या ज्युलियनवरच चालत होता. १९ व्या शतकात दोघांत १२ दिवसांचा फरक होता. त्यामुळे फिनलंडवर पाणी सोडणाऱ्या तहाची तारीख एका ग्रंथात १७ सप्टेंबर तर दुसऱ्यात ५ सप्टेंबर दिसेल. दोन्ही बरोबर. इथे सगळीकडे स्वीडिश, म्हणजे आपल्या ओळखीच्या तारखा दिल्या आहेत.

दुसरा गावांच्या नावांचा. फिनलंडमधल्या गावांना स्वीडिश आणि फिनिश अशी दोन नावं आहेत. बोर्गो म्हणजेच पोर्वो, फ्रेडरिक्सहाम्न म्हणजेच हामिना, ओबो म्हणजे तुर्कू. स्वेआबोर्ग हा किल्ला आज सुओमेनलिना या नावाने हेलसिंकीला जाणाऱ्या पर्यटकांना माहीत असतो.

तिसरा माणसांच्या नावांचा. राजाला राजवाड्यात पकडणारा तो आडलरक्रॉइट्स. पश्चिम सीमेवर बंड करून राजधानीकडे निघाला तो गेऑर्ग आडलरस्पारे. पहिला फिनलंडच्या लढाईत नाव कमावलेला सेनापती, दुसरा लेफ्टनंट कर्नल हुद्द्याचा, लिहिता-वाचता, राजकारणात मुरलेला. दोघांचं एकमेकांशी फारसं पटलंही नाही.

राजाचे हात मोकळे कसे झाले

चौथा गुस्ताव्ह अडॉल्फ १७९२ मध्ये गादीवर आला, तेव्हा तो १३ वर्षांचा होता. वडिलांना, तिसऱ्या गुस्ताव्हला, स्टॉकहोमच्या ऑपेरात मुखवट्यांच्या नृत्यसमारंभात गोळी घातली गेली होती. ती घालणाऱ्यांचा राग तिसऱ्या गुस्ताव्हच्या एका कायद्यावर होता, आणि तो समजला की १८०९ निम्मं समजतं.

१७१९ पासून १७७२ पर्यंत स्वीडनमध्ये उलटी परिस्थिती होती. सगळी सत्ता रिक्सडाग या सभेकडे होती आणि राजा शिक्का मारण्यापुरता. रिक्सडाग म्हणजे चार वर्गांची सभा: सरदार, धर्मगुरू, शहरी नागरिक आणि शेतकरी. चौघे वेगळे बसत, वेगळे मत देत. शेतकऱ्यांना स्वतःचा वर्ग म्हणून सभेत जागा असणं हे त्या काळच्या युरोपात दुर्मीळ. या काळात दोन पक्ष माजले, परदेशी वकिलातींचा पैसा सभेत खुलेआम खेळू लागला. ऑगस्ट १७७२ मध्ये तिसऱ्या गुस्ताव्हने सैन्याच्या बळावर सत्ता परत खेचली. तरीही परक्या देशावर चढाई करायची तर रिक्सडागची संमती लागे. १७८९ च्या 'ऐक्य आणि सुरक्षा' कायद्याने तीही अट गेली. राजाला सल्ला देणारं जुनं राज्यमंडळही बरखास्त झालं. बदल्यात शेतकऱ्यांना सरकारी जमिनी विकत घ्यायचा आणि त्या टिकवायचा पक्का हक्क मिळाला. सरदार खवळले, शेतकरी खूश झाले. जून १८०९ मधल्या एका पेचाचं मूळ इथे आहे.

म्हणजे १८०० च्या सुमाराला यंत्रणा अशी होती: राजा युद्ध सुरू करू शकतो, त्याला सल्ला ऐकणं बंधनकारक नाही, रिक्सडाग तो बोलावेल तेव्हाच भरते. गुस्ताव्ह अडॉल्फने ती आपल्या कारकिर्दीत एकदाच बोलावली, १८०० मध्ये नोर्शोपिंगला. तिथल्या गोंधळानंतर पुन्हा नाव काढलं नाही. त्याच सभेत निषेध म्हणून हान्स येर्ता या तरुणाने आपली सरदारकी सोडून दिली. हे नाव लक्षात ठेवा.

एका वर्षात तीन आघाड्या

जुलै १८०७ मध्ये तिल्सितला नेपोलियन आणि रशियाचा झार पहिला अलेक्झांडर यांचं मेतकूट जमलं. ब्रिटनशी व्यापार बंद करायला स्वीडनला भाग पाडायचं, हे झारने अंगावर घेतलं. गुस्ताव्ह अडॉल्फ नेपोलियनला बायबलातल्या शेवटच्या भाकितामधला पशू मानत असे, त्यामुळे नकार ठरलेलाच होता. शिवाय स्वीडनचा परदेशी व्यापार ब्रिटनवर उभा होता आणि ब्रिटन वर्षाला १२ लाख पौंडांची मदत द्यायला तयार होतं. तेव्हा नकार हा निव्वळ वेडेपणा होता असं म्हणता येत नाही. गंमत म्हणजे झार आणि गुस्ताव्ह अडॉल्फ हे सख्खे साडू. दोघांच्या बायका बाडेनच्या राजघराण्यातल्या बहिणी.

२१ फेब्रुवारी १८०८ ला रशियन फौजा युद्ध न पुकारताच फिनलंडमध्ये घुसल्या. फिनलंड तेव्हा वेगळा देश नव्हता. सुमारे सहाशे वर्षं तो स्वीडनच्या राज्याचाच पूर्वेकडचा भाग होता. मार्चमध्ये डेन्मार्कनेही युद्ध पुकारलं. नॉर्वे डेन्मार्कच्या राजाचं असल्याने पश्चिम सीमाही पेटली. दक्षिणेला डेन्मार्ककडून चढाईची भीती, पश्चिमेला नॉर्वे, पूर्वेला रशिया.

इथून पुढे राजाचे निर्णय बिघडत गेले. फिनलंडला कुमक पाठवायची तेव्हा फौज नॉर्वेच्या सीमेवर गुंतली होती. मे महिन्यात ब्रिटनचा सर जॉन मूर दहा हजारांहून जास्त शिपाई घेऊन गॉथेनबर्गच्या बंदरात येऊन उभा राहिला, पण त्यांना वापरायचं कुठे यावरून राजाचं आणि त्याचं बिनसलं. राजाने त्याला स्टॉकहोममध्ये अडकवून ठेवलं, तो वेश पालटून निसटला आणि फौज जशी आली तशी परत गेली. हेलसिंकीसमोरचा स्वेआबोर्ग किल्ला ३ मे १८०८ ला पडला तो एका अटीमुळे. किल्लेदार व्हाइस ॲडमिरल क्रोनस्टेटने एप्रिलमध्ये रशियनांशी करार केला होता: ३ मेच्या आत किमान पाच मोठी युद्धजहाजं मदतीला पोचली नाहीत तर किल्ला तुमचा. त्या दिवसांत बाल्टिकचा उत्तर भाग गोठलेला असतो. जहाजं येणार कुठून? सात हजारांच्या आसपास शिपाई, तोफा आणि किनाऱ्यालगत लढणारा आरमाराचा मोठा काफिला मोठ्या लढाईविना गेला.

घरच्या आघाडीवर १८ ते २५ वयाच्या तरुणांची राखीव फौज उभारली गेली. तीस हजारांच्या आसपास पोरं भरती झाली, पण कपडे, बूट, अन्न यांची तयारीच नव्हती. हजारोंनी मेली ती छावण्यांतल्या तापाने आणि हगवणीने, गोळीने नव्हे. हे दुःख शेतकऱ्यांच्या घरातलं होतं. सप्टेंबरमध्ये फिनलंडच्या किनाऱ्यावर उतरायचा बेत फसला, तेव्हा त्याचा राग म्हणून राजाने तीन रक्षक पलटणींचा मान काढून घेतला. या पलटणींत सरदारांची मुलं होती. राखीव फौजेने गावं दुखावली होती, या शिक्षेने राजधानीतली मोठी घरं दुखावली, आणि बंडाचा कच्चा माल तयार झाला.

बंड प्रत्यक्ष कसं जुळलं

आडलरस्पारे नॉर्वेच्या सीमेवर वेर्मलंडमध्ये होता. त्याची अडचण साधी होती. फौज घेऊन राजधानीकडे वळायचं तर पाठ उघडी पडते. म्हणून त्याने आधी समोरच्याच सेनापतीशी बोलणं केलं. नॉर्वेतल्या फौजेचा प्रमुख क्रिस्टियान ऑगुस्ट याने पाठीवर हल्ला करणार नाही असं कळवलं. डेन्मार्कचा राजा हल्ला कर म्हणत असतानाही तो जागचा हलला नाही. नॉर्वेत धान्याची टंचाई होती, लढाई त्यालाही नकोच होती.

७ मार्चला आडलरस्पारेने कार्लस्टाड ताब्यात घेतलं, जाहीरनामा काढला आणि काही हजार शिपायांनिशी पूर्वेकडे निघाला. १२ तारखेला बातमी राजापर्यंत पोचली. तो हागाच्या वाड्यातून शहरात आला. बँकेतला पैसा बरोबर घ्यायचा आणि दक्षिणेकडच्या फौजेकडे जायचं, असा त्याचा बेत होता. हा बेत साधला असता तर देशात दोन फौजा, दोन सरकारं आणि बाहेर रशियन अशी अवस्था झाली असती. आडलरक्रॉइट्सने घाई केली ती यासाठी. आडलरस्पारे २२ मार्चला स्टॉकहोमात शिरला तेव्हा मुख्य काम उरकलेलं होतं.

गोठलेल्या समुद्रावरची फौज

याच आठवड्यात रशियनांनी तीन बाजूंनी चाल केली होती, तीही बर्फावरून. बाग्रातिओन सतरा हजारांच्या आसपास फौज घेऊन फिनलंड आणि स्वीडन यांच्यामधल्या ऑलंड बेटांवर आला. बार्क्ले द तोली क्वार्केन या अरुंद समुद्रपट्टीवरून चालत थेट स्वीडनच्या किनाऱ्यावरच्या उमेओला पोचला. तिसरी फौज उत्तरेला बोथनियाच्या आखाताला वळसा घालून आली आणि २५ मार्चला कालिक्सजवळ स्वीडिश तुकडीने शस्त्रं खाली ठेवली.

गोठलेला समुद्र सपाट रस्त्यासारखा नसतो. वादळात फुटलेले बर्फाचे थर एकमेकांवर चढून पुरुषभर उंचीचे ढीग झालेले असतात, त्यांतून घोडे आणि तोफा नेणं म्हणजे दगडांच्या राशीतून गाडी ओढणं. बार्क्लेच्या शिपायांना रात्र उघड्या बर्फावर काढावी लागली. पण खरी भीती परतीची. मार्च उतरला की बर्फ कुजू लागतो. आत शिरलेली फौज आणि तिची रसद यांच्यामध्ये अचानक पाणी उभं राहतं. १९ मार्चला कुल्नेव्हचे घोडेस्वार ऑलंडचा समुद्र ओलांडून ग्रिसलेहाम्नला, म्हणजे स्वीडनच्या मुख्य किनाऱ्यावर पोचले, राजधानीपासून सुमारे १०० किलोमीटरवर. स्टॉकहोमात घबराट उडाली. नेमकं तेव्हाच स्वीडिश सेनापतींनी निरोप धाडला: राजा बदलला आहे, नव्या सरकारला तह हवा आहे, तुमची फौज मागे घ्या. बर्फाची धास्ती असलेल्या रशियन सेनापतींना हे पटलं. त्यांनी माघार घेतली, आणि झारला ते मुळीच आवडलं नाही.

२९ मार्च

या एका तारखेला दोन गोष्टी घडल्या. ग्रिप्सहोल्मच्या किल्ल्यात कैदेत असलेल्या गुस्ताव्ह अडॉल्फने राजत्यागाच्या कागदावर सही केली. १७९२ मध्ये याच तारखेला त्याचे वडील जखमेने गेले होते. तिकडे पोर्वोच्या चर्चमध्ये फिनलंडच्या चार वर्गांनी झार अलेक्झांडरशी इमानाची शपथ घेतली. तह व्हायला अजून सहा महिने होते, पण झारने फिनलंडला त्याचे जुने कायदे, धर्म आणि हक्क कायम राहतील असं वचन देऊन माणसं आधीच आपलीशी केली. हे 'जुने कायदे' म्हणजे तिसऱ्या गुस्ताव्हचे १७७२ आणि १७८९ चे कायदे. स्वीडनने जे दहा आठवड्यांत मोडीत काढले, ते फिनलंडमध्ये रशियाच्या छत्राखाली विसाव्या शतकापर्यंत आधार म्हणून चालले.

राजाने स्वतःहून गादी सोडली तर प्रश्न संपायला हवा होता, पण संपला नाही. राजत्यागाने फक्त एक माणूस बाजूला होतो, गादी वारसाकडे जाते. वारस होता नऊ वर्षांचा मुलगा गुस्ताव्ह. राजनिष्ठ गटाला तेच हवं होतं. ड्यूक कार्लची बायको म्हणून नव्या राणीपदावर येणार असलेली हेडविग एलिसाबेत शार्लोट, जिच्या रोजनिशीतून आपल्याला दरबाराची आतली माहिती मिळते, तीही याच बाजूची. उलट बंड करणाऱ्यांना धास्ती अशी की मुलगा मोठा झाला की बापाचा हिशेब चुकता करणार. म्हणून १० मेला रिक्सडागच्या चारही वर्गांनी वेगळा ठराव केला: गुस्ताव्ह अडॉल्फ आणि त्याचे सगळे वंशज यांच्याशी आमचं इमान संपलं. मार्चचा कागद राजाचा होता, मेचा कागद सभेचा. गादी खऱ्या अर्थाने रिकामी झाली ती मेमध्ये.

दोन आठवड्यांत घटना

मग वाद आला क्रमाचा: आधी राजा निवडायचा की आधी घटना लिहायची? आधी राजा निवडला तर तो मान्य करेल तेवढीच घटना मिळणार. बंडवाल्यांनी घटना आधी हा आग्रह धरला. समिती नेमली गेली ती १५ जणांची: सहा सरदार आणि धर्मगुरू, नागरिक, शेतकरी यांचे तीन-तीन. अध्यक्ष लार्स ऑगुस्ट मानेरहाइम, सचिव तोच हान्स येर्ता. सुमारे दोन आठवड्यांत मसुदा तयार झाला.

इतक्या लवकर कसा? कारण कोऱ्या पाटीवर लिहायचं नव्हतं. स्वीडनकडे १६३४ पासूनच्या शासनपद्धतीचे लेखी नमुने होते आणि दोन ताजे अपयशही: १७७२ पूर्वीची बेलगाम सभा आणि १७७२ नंतरचा बेलगाम राजा. समितीला दोन्ही टाळायचे होते. येर्ताने सभेसमोर कल्पना मांडली ती साधारण अशी: कारभार करणारी सत्ता ठरलेल्या चौकटीत पण जोमाने चालावी, कायदे करणारी सत्ता पाऊल उचलताना संथ पण प्रतिकाराला खंबीर असावी, आणि न्याय स्वतंत्र असावा.

११४ कलमांच्या या घटनेतली मुख्य कळ मात्र कल्पनेत नाही, कागदपत्रांच्या पद्धतीत आहे. ती पायरीपायरीने पाहू.

कलम ४ म्हणतं, राज्य चालवण्याचा अधिकार एकट्या राजाचा. हे वाचून लोक बुचकळ्यात पडतात की मग बदललं काय? बदल पुढच्या कलमांत आहे. राजाने निर्णय घ्यायचा तो नऊ जणांच्या राज्यमंडळासमोरच. प्रत्येक सदस्याने आपलं मत सांगायचं आणि ते इतिवृत्तात लिहिलं जायचं. जो गप्प बसला त्याची संमती होती असं धरलं जायचं, म्हणजे 'मला पटलं नव्हतं पण बोललो नाही' ही पळवाट बंद. निर्णय मंडळाच्या विरुद्ध गेला तरी राजा तो घेऊ शकतो, पण हुकुमावर संबंधित सचिवाची सही लागते. निर्णय घटनेविरुद्ध असेल तर सही नाकारणं हे त्याचं कर्तव्य. सही नसलेला हुकूम कोणी पाळायचा नाही. शेवटची पायरी: रिक्सडाग भरली की तिची घटना समिती ही इतिवृत्तं मागवून वाचते आणि चुकीचा सल्ला देणाऱ्याला किंवा गप्प राहणाऱ्याला जबाबदार धरते. राजाला हात लावायचा नाही. राजाच्या शेजारी बसणाऱ्याला मात्र आपल्या शब्दाची किंमत मोजावी लागेल.

मार्चमध्ये तलवारीने केलेलं काम जूनमध्ये असं शाई आणि सहीकडे सोपवलं गेलं. त्यात दोन फटी राहिल्या. परराष्ट्र व्यवहार आणि सैन्याचे हुकूम राजा मोजक्या सल्लागारांबरोबर हाताळू शकत होता. पुढच्या शंभर वर्षांतले राजा आणि सभा यांचे बरेच खटके याच दोन फटींपाशी उडालेले दिसतात.

पैशाचं कलम ५७ वं. स्वतःवर कर बसवण्याचा स्वीडिश जनतेचा पुरातन हक्क फक्त रिक्सडाग बजावेल, असं ते सांगतं. बँक आणि राष्ट्रीय कर्जाचं कार्यालयही रिक्सडागच्या ताब्यात. राजा बँकेतला पैसा घेऊन निघणार होता, ही आठवण अजून ताजी होती. रिक्सडाग किमान पाच वर्षांतून एकदा भरलीच पाहिजे, राजाची इच्छा असो वा नसो.

६ जूनला घटना मंजूर झाली आणि त्याच दिवशी ड्यूक कार्ल तेरावा कार्ल म्हणून राजा झाला. (हा 'तेरावा' आकडा फसवा आहे. पहिले सहा कार्ल सोळाव्या शतकातल्या एका कल्पक इतिहासातून आले. प्रत्यक्षात हा सातवा.) आज ६ जून हा स्वीडनचा राष्ट्रीय दिवस आहे. १५२३ मध्ये गुस्ताव्ह वासाची निवडही याच तारखेला झाली होती.

त्या दिवशी तीनच वर्गांच्या सह्या झाल्या. शेतकऱ्यांनी सही नाकारली. सरदारांच्या जमिनींना असलेल्या करसवलती घटनेने जशाच्या तशा ठेवल्या होत्या, आणि त्यांना आधी समान कर हवे होते. त्यांच्या नजरेतून पाहा: १७८९ मध्ये जमिनीचा हक्क दिला तो राजाने, आता राजाला बांधून टाकताहेत ते सरदार. शिवाय राखीव फौजेत मेलेली पोरं त्यांचीच. नव्या राजाने दबाव आणल्यावर २७ जूनला त्यांची सही झाली. करांचा प्रश्न पुढे ढकलला गेला, सुटला नाही. घटनेच्या कौतुकात हा भाग अनेकदा गाळला जातो, ते बरं नाही.

कलम ९६

ऑम्बुड्समन हा शब्द जगभर गेला तो या कलमातून. कायद्याचा जाणकार आणि सचोटीबद्दल नावाजलेला माणूस रिक्सडागने निवडायचा. न्यायाधीश आणि अधिकारी कायदा पाळतात की नाही हे त्याने पाहायचं, आणि पाळत नसतील तर खटला भरायचा. पहिला ऑम्बुड्समन १८१० मध्ये निवडला गेला तो घटना समितीचा अध्यक्ष मानेरहाइमच. १८२३ पर्यंत तो त्या पदावर होता.

इथे एक गल्लत होते. असं पद स्वीडनमध्ये आधीही होतं. बाराव्या कार्लने १७१३ मध्ये, पराभवानंतर तुर्कांच्या मुलखात अडकलेला असताना, आपल्या माघारी अधिकाऱ्यांवर नजर ठेवायला सर्वोच्च ऑम्बुड्समन नेमला होता. त्याचंच पुढे न्यायचान्सलर हे पद झालं. पण तो राजाचा माणूस. १८०९ चा ऑम्बुड्समन सभेचा माणूस. अधिकाऱ्यांवर लक्ष ठेवणारा त्या अधिकाऱ्यांच्या मालकानेच नेमलेला नसावा, हा यातला नवा भाग.

फिनलंडने स्वतंत्र झाल्यावर हे पद घेतलं, १९५० च्या दशकात डेन्मार्कने, १९६२ मध्ये न्यूझीलंडने. भारतात लक्ष्मीमल सिंघवींनी १९६३ मध्ये त्याला 'लोकपाल' हा शब्द दिला. मोरारजी देसाईंच्या अध्यक्षतेखालच्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने १९६६ मध्ये लोकपाल आणि लोकायुक्त यांची शिफारस केली. प्रत्यक्ष लोकायुक्त सगळ्यांत आधी बसवला तो महाराष्ट्राने, १९७१ च्या कायद्याने आणि १९७२ मध्ये. फरक एवढाच की स्वीडिश ऑम्बुड्समनच्या हातात खटला भरण्याचा अधिकार आहे, तर १९७१ च्या कायद्यातला लोकायुक्त चौकशी करून सरकारकडे अहवाल आणि शिफारस पाठवतो.

फिनलंड गेला तो कसा

नव्या सरकारला बरा तह मिळेल अशी आशा होती, ती फोल ठरली. ऑगस्टमध्ये शेवटचा प्रयत्न झाला. कामेन्स्कीची रशियन फौज उमेओच्या आसपास होती. दक्षिणेकडून एका फौजेने दाबायचं आणि उत्तरेला रातान बंदरात आरमारातून दुसरी फौज उतरवून परतीची वाट तोडायची, असा बेत. कागदावर उत्तम. १७ ऑगस्टला वाख्टमाइस्टरची फौज उतरलीही, पण झपाट्याने उमेओ गाठण्याऐवजी सेवारला थांबली. कामेन्स्कीने तेवढ्यात दक्षिणेकडे पाठ फिरवली आणि जवळपास सगळी ताकद तिच्यावर टाकली. १९ ऑगस्टला सेवार, २० ला रातान. स्वीडिश फौज जहाजांवर परतली, रशियनही उत्तरेकडे सरकले. स्वीडनच्या आजच्या भूमीवर परक्या फौजेशी झालेल्या या शेवटच्या लढाया.

१७ सप्टेंबरला फ्रेडरिक्सहाम्नचा तह झाला. सगळा फिनलंड, ऑलंड बेटं आणि उत्तरेला तोर्ने-मुओनिओ नद्यांपर्यंतचा मुलूख गेला: राज्याचा सुमारे एक तृतीयांश भूभाग आणि एक चतुर्थांश माणसं. उरलेल्या स्वीडनची लोकसंख्या २४ लाखांच्या आसपास. तोर्निओ हे गाव नदीच्या स्वीडनकडच्या अंगाला असूनही झारने मागून घेतलं, म्हणून स्वीडनला शेजारी हापारांडा हे नवं गाव वसवावं लागलं. समुद्रात सीमारेषा मेर्केट नावाच्या खडकाच्या मधोमध गेली. १८८५ मध्ये तिथे फिनलंडचं दीपगृह बांधलं गेलं ते चुकून स्वीडनच्या अर्ध्यात. मग १९८० च्या दशकात त्या चिमुकल्या खडकावर रेषाच वाकडी करून घेतली.

१० डिसेंबरला डेन्मार्कशी आणि जानेवारी १८१० मध्ये फ्रान्सशी तह झाला. फ्रान्सशी झालेल्या तहात स्वीडनने ब्रिटनशी व्यापार बंद करणं मान्य केलं. म्हणजे ज्यासाठी गुस्ताव्ह अडॉल्फने सगळं पणाला लावलं होतं, तेच शेवटी मान्य करावं लागलं.

माणसांचं पुढे काय झालं

तेरावा कार्ल साठी ओलांडलेला, खचलेला आणि निपुत्रिक. युवराज म्हणून निवडला गेला तो क्रिस्टियान ऑगुस्ट, मार्चमध्ये आडलरस्पारेच्या पाठीवर न आलेला तोच सेनापती. नॉर्वे जोडून घेता येईल हा त्यातला हिशेब. तो मे १८१० मध्ये घोड्यावरून कोसळून मेला. विषप्रयोगाची आवई उठली आणि २० जूनला त्याच्या अंत्ययात्रेत जमावाने आक्सेल फॉन फेर्सन या बड्या सरदाराला भर रस्त्यात ठार मारलं. विषाचा पुरावा नव्हता, शवचिकित्सेत झटका आल्याचं दिसलं होतं. ऑगस्टमध्ये नेपोलियनचा मार्शल बेर्नादोत युवराज झाला. आजचं राजघराणं त्याचंच.

गुस्ताव्ह अडॉल्फला डिसेंबर १८०९ मध्ये कुटुंबासह देशाबाहेर पाठवलं गेलं. पुढे तो बायकोपासून वेगळा झाला, कर्नल गुस्ताव्हसन या नावाने युरोपभर फिरला आणि १८३७ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या सांक्ट गालेन इथे वारला. १८८४ मध्ये त्याचे अवशेष स्टॉकहोमच्या रिद्दारहोल्म चर्चमध्ये आणले गेले.

घटना मात्र अनेक दुरुस्त्या पचवत १९७४ अखेरपर्यंत टिकली. १८६६ मध्ये चार वर्गांची सभा गेली आणि दोन सभागृहं आली, विसाव्या शतकात कारभार निवडून आलेल्या मंत्रिमंडळाकडे गेला, पण राज्य चालवण्याचा अधिकार एकट्या राजाचा हे चौथ्या कलमातलं वाक्य कोणी खोडलं नाही. सोळावा कार्ल गुस्ताव्ह सप्टेंबर १९७३ मध्ये गादीवर आला. १ जानेवारी १९७५ ला नवी घटना लागू होईपर्यंत, म्हणजे पंधरा-सोळा महिने, कागदोपत्री तो एकट्याने स्वीडन चालवत होता.